कुणाचा रं तू?

रविवारी रात्री मेस बंद. त्यामुळे हॉस्टेलमधली निम्मी तत्त्वज्ञानं रविवारी रात्रीच जन्माला येतात, गेटबाहेरच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर. सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरमधल्या अशाच एका रविवारी माझ्या रूमपार्टनरने जाहीर केलं, "मी आजपासून पेगन आहे."

"व्हीगन? मग भुर्जी कशी काय चालते?" मेकॅनिकलच्या एकाने विचारलं.

"व्हीगन नाही रे, पेगन!" असं म्हणून त्याने शर्टाच्या आतलं लॉकेट बाहेर काढलं. बारीक हातोडी होती. थॉर नावाच्या देवाची म्हणे. त्या रात्रीपासून त्याचं नाव 'वायकिंग' पडलं, आणि ते आता डिग्री घेऊन जाईपर्यंत काही सुटत नाही.

वायकिंगचे वडील बदलीच्या नोकरीतले. बारावीपर्यंत पाच शहरं आणि सात शाळा. गाव म्हणून सांगावं असं काही नाही. आडनावावरून कोणी "मूळचे कुठले?" असं विचारलं की तो "वडिलांना विचारावं लागेल" म्हणायचा. अशा मुलाने एकदम उत्तर युरोपातले देव धरले, याची आम्ही महिनाभर पोटभर टिंगल केली. पण तो वाचणारा प्राणी. त्याने सांगितलेलं एक मात्र माझ्या डोक्यात राहिलं. 'पेगन' हा शब्द लॅटिन. 'पागुस' म्हणजे गाव, मुलूख. 'पागानुस' म्हणजे गावाकडचा माणूस. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म शहरांतून पसरला आणि जुन्या देवांना धरून बसलेल्यांना हे नाव चिकटलं. थोडक्यात, ज्याला आपण इथे कॉलेजात 'गावठी' म्हणून हिणवतो, तोच शब्द!

मग त्याने मला विचारलं, "तुमच्या गावात देव कुठला?"

मी म्हणालो, "विठ्ठल-रुक्मिणी. आणि गणपती."

मित्रांनो, हे खोटं होतं असं नाही. पण खरंही नव्हतं. माझं गाव पिंपळी, तालुका बारामती. आमच्या वस्तीवर, कालव्याच्या खालच्या अंगाला, शेताच्या बांधावर लिंबाखाली एक शेंदूर फासलेला दगड आहे. तो आमचा म्हसोबा. पहिली पेर त्याला विचारून, म्हैस व्याली की पहिला खरवस त्याला, घरात भांडण झालं की सोडवायला तोच. माझं जावळसुद्धा त्याच्यापुढे काढलेलं. आणि चार मुलांपुढे मला त्याचं नाव घेता आलं नाही. हातोडी गळ्यात घालणाऱ्याला लाज वाटत नव्हती, शेंदराचा टिळा लावून वाढलेल्याला मात्र वाटत होती.

वायकिंगचं पुढचं पाऊल म्हणजे वही. त्याने शंभर पानी वही आणली. त्याने जे वाचलं होतं त्यात म्हणे असं होतं की, देव, मंत्र, दिवे हे सगळं नंतर. आधी स्वतःला ओळखा. कशाची भीती वाटते, काय हवंय, आणि कशाची लाज वाटते, हे कोणाला दाखवायचं नाही अशा बोलीवर खरंखरं लिहून काढा. कारण या वाटेवर एकच पोथी नाही, एकच गुरू नाही, कोणी तयार उत्तरं देत नाही. स्वतःचाच पत्ता नसेल तर माणूस जे मनात येईल तेच देवाच्या नावावर खपवतो. ऐकायला सोपं. वायकिंगने दीड पान लिहिलं आणि वही कपाटावर टाकली. मी विचारलं तर म्हणाला, "यार, एम-थ्री सोपं आहे."

एम-थ्रीचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याचं कारण पुढे येईलच.

ही काही आजकालची कल्पना नाही. ग्रीस देशात डेल्फी इथे अपोलो देवाचं मंदिर होतं. राजे-रजवाडे तिथे प्रश्न घेऊन यायचे, आपल्याकडे देवाला कौल लावतात तसे. त्या मंदिराच्या दर्शनी भागात एक वचन कोरलेलं होतं, त्याचा अर्थ 'स्वतःला ओळख'. म्हणजे देवाला प्रश्न विचारायला निघालेल्या माणसाला आधी दारातच अडवलेलं! ज्याने ते वाचूनही वाचलं नाही अशा एकाची गोष्ट हिरोडोटसने सांगितली आहे. लिडियाचा राजा क्रीसस, अफाट श्रीमंत. इराणच्या सायरसवर चाल करून जाऊ का, असा त्याने कौल मागितला. उत्तर आलं, गेलास तर एक मोठं साम्राज्य लयाला जाईल. गडी खूश होऊन निघाला. मोठं साम्राज्य लयाला गेलं, पण ते त्याचं स्वतःचं. कौल खोटा नव्हता. विचारणाऱ्याला आपली घमेंड ठाऊक नव्हती, म्हणून त्याने त्या उत्तरात स्वतःला हवं तेच ऐकलं.

मी ही गोष्ट वायकिंगकडून ऐकली आणि मान डोलावली. दुसऱ्यांच्या घमेंडीच्या गोष्टी ऐकायला छानच वाटतात.

आता माझी गोष्ट. डिसेंबरच्या परीक्षेत माझा एम-थ्री राहिला होता. घरी फोनवर अण्णांनी विचारलं, "सगळं निघालं ना?" मी म्हणालो, "निघालं." त्या वर्षीच्या फीसाठी अण्णांनी गोठ्यातली एक जर्सी गाय विकली होती. दूध देणारी. तिचं नाव काढायचं नाही असा घरात अलिखित नियम होता, आणि म्हणूनच मला ती रोज आठवायची. मे महिन्यात तोच पेपर पुन्हा दिला. पेपर लिहून बाहेर आलो तेव्हाच कळलं होतं की पुन्हा राहणार. त्यातून इतरही दोन विषय डळमळीत. वर्ष जाणार हे मला माहीत होतं, आणि घरात फक्त मलाच माहीत होतं.

सुट्टी लागली. वायकिंग म्हणाला, "घरी जाऊन काय करू? नवीन गाव, नवीन क्वार्टर. तुझ्याकडे येतो." तुकोबांची पालखी बारामतीत यायची होती. मी म्हटलं, चल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीच्या मुक्कामानंतर आमच्या पिंपळीवरून काटेवाडीला जाते, तिथून पुढे सणसर, मग इंदापूरकडे. त्या दिवशी आमच्या गावात कुणाच्याही घरात चूल वारकऱ्यांसाठीच पेटते. काटेवाडीत परीट समाजाचे लोक पालखीखाली धोतराच्या पायघड्या अंथरतात. आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर आपले कळप घेऊन येतात आणि मेंढ्या पालखीभोवती धावत फेऱ्या घालतात. घोड्यांचं रिंगण पुष्कळांनी पाहिलं असेल, पण मेंढ्यांचं पाहायचं तर काटेवाडीलाच यावं लागतं. धूळ, मेंढ्यांचा वास, टाळांचा आवाज, आणि धनगराची ती एक विशिष्ट शीळ.

वायकिंग तोंड उघडं टाकून बघत होता. म्हणाला, "हे लोक वारकरी आहेत का?"

मी म्हणालो, "काही असतील. पण त्यांचा घरचा देव बिरोबा. नाहीतर म्हस्कोबा, नाहीतर खंडोबा."

"आणि तुकाराम महाराजांना ते चालतं?"

आता आली का पंचाईत! कारण तुकोबांनी शेंदूर फासलेल्या, कोंबडं-बकरं मागणाऱ्या दैवतांची चांगलीच हजेरी घेतलेली आहे. त्याच तुकोबांच्या पादुकांभोवती बिरोबाच्या मेंढ्या धावतात, आणि दोघांपैकी कोणाचंही काही बिघडत नाही. वाडवडिलांपासून आपण कोण आहोत हे त्या धनगराला पक्कं माहीत आहे. म्हणूनच तो दुसऱ्या देवाच्या पालखीपुढे मोकळेपणाने वाकू शकतो. मी तुकोबाचं नाव घेऊन म्हसोबाला लपवत होतो. म्हणजे माझ्याकडे धड एकही देव नव्हता.

परत येताना कालव्याच्या कडेने चाललो होतो. वायकिंगच्या प्रश्नांनी माझीही थोडी वाचनं झाली होती, ती मी त्याला ऐकवली. हा नीरा डावा कालवा, इंग्रजांच्या काळातला. आमचा ऊस, आमची बागायत, माझी फी, सगळं याच्या पाण्यावर. तो निघतो पुरंदर तालुक्यातल्या वीरजवळून. वीरला श्रीनाथ म्हस्कोबाचं मोठं ठाणं आहे. माघ पौर्णिमेला देवाचं लग्न लागतं, पुढे कित्येक दिवस यात्रा चालते आणि शेवटाला पीकपाण्याची भाकणूक होते. हा देव मराठवाड्यातल्या सोनारीहून एका धनगर भक्ताच्या मागोमाग आला अशी कथा. म्हणजे देवसुद्धा मेंढरांच्या वाटेने आलेला. गुंथर सोंथायमर नावाचे जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या ऐकत या मुलखात वर्षानुवर्षं हिंडले आणि १९७६ साली त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्याही आधी दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या गावांतून पायी फिरून अशा शेंदराच्या दगडांचा, मावल्यांचा शोध घेत होते. त्यांचं 'मिथ अँड रिअॅलिटी' १९६२ साली आलं. आणि कोसंबी मूळचे कोण? गणिती! ज्या विषयात मी दोनदा आपटलो त्या विषयातला एवढा मोठा माणूस ज्या दगडांसमोर वही घेऊन उभा राहिला, त्याच जातीचा दगड मी अंडाभुर्जीच्या गाडीवर नाकारला होता.

वायकिंग बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आइसलँडमध्ये साधारण इसवी सन १००० मध्ये ख्रिस्ती धर्म आला. जुन्या देवांना मानणाऱ्यांची संघटना तिथे पुन्हा १९७२ साली निघाली आणि सरकारने तिला १९७३ साली मान्यता दिली. मधली जवळजवळ हजार वर्षं गेली. त्यांना पुस्तकांतून शोधून सगळं परत जुळवावं लागलं. तुमच्याकडे हे तुटलंच नाही रे!"

मी काही बोललो नाही. तुटलं नव्हतं खरं, पण मी तोडायच्या बेतात होतो.

घरी आलो तर आजी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने वायकिंगकडे वर मान करून पाहिलं आणि आमच्याकडे कोणाही नव्या माणसाला विचारतात तो पहिला प्रश्न विचारला.

"कुणाचा रं तू?"

वायकिंगने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, ब्रँच सांगितली. आजीने पुन्हा विचारलं, "ते झालं. पर कुणाचा?" तिला गाव, भावकी, कुळदैवत, आजोळ हवं होतं. वायकिंगचा चेहरा मला अजून आठवतो. वहीच्या दीड पानानंतर तो जसा दिसत होता तसाच. शेवटी हळूच म्हणाला, "आजी, खरं सांगू का? मला माहीत नाही."

मला वाटलं आजी हसेल. ती म्हणाली, "खरं बोल्लास. मंग चल, म्हसोबाला नारळ फोडायचाय."

संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो. पुढे आजी, मागे अण्णा, मधे आम्ही दोघं. अण्णांच्या हातात दोन नारळ. लिंबाखाली अंधारून आलं होतं. आजीने दगडावरचा पालापाचोळा काढला, तेलात कालवलेला शेंदूर बोटाने लावला, दिवा ठेवला. मग म्हणाली, "काय मागायचं ते मागा. पर मोठ्यानं."

वायकिंगने विचारलं, "मनातल्या मनात नाही चालत का, आजी?"

"म्हसोबाला कमी आयकू येतं असं न्हाई बाळा. तुझं तुला आयकू याया पायजे."

डेल्फीच्या दारावर जे कोरलेलं होतं ते आमच्या बांधावर, माझ्या न शिकलेल्या आजीने एका वाक्यात सांगितलं. पण त्या क्षणी मला डेल्फी-बिल्फी काही सुचलं नाही. माझे पाय कापत होते.

वायकिंग आधी पुढे झाला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "मी कुठला ते मला कळू दे." बास, एवढंच.

मग माझी पाळी. मी मनात ठरवून आलो होतो, 'एम-थ्री निघू दे' एवढं म्हणायचं आणि सुटायचं. तोंड उघडलं. आणि लक्षात आलं की हे मागणं मोठ्याने म्हणायचं तर मागे अण्णा उभे आहेत, आणि अण्णांच्या लेखी एम-थ्री डिसेंबरातच निघालाय. दुसरं म्हणजे, मला एम-थ्री निघायला नकोच होता. म्हणजे हवा होता, पण त्याहून जास्त मला हवं होतं की अण्णांना कधी कळू नये. मी सहा महिने देवाकडे पास होणं मागत नव्हतो, लपायला जागा मागत होतो. हे मला त्या बांधावर, त्या दिव्याच्या उजेडात, पहिल्यांदा कळलं.

मी म्हणालो, "म्हसोबा, माझा एम-थ्री डिसेंबरात राहिला होता. मी अण्णांना खोटं सांगितलं. आता मे महिन्यातला पण राहणार आहे. वर्ष जाणार आहे. गाय विकली ती..." यापुढे बोलता आलं नाही.

लिंबावर पाखरं कलकलत होती. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. अण्णा पुढे आले. मला वाटलं आता एक बसणार. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, दगडाशेजारच्या धोंड्यावर फोडला, पाणी देवावर सोडलं आणि अर्धी वाटी माझ्या हातात दिली.

"चला. धारेला उशीर व्हायलाय," एवढंच म्हणाले.

त्या रात्री गोठ्यात धार काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती विषय राहत्यात?" मी खरा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मंग वर्षभर घरी ऱ्हा. दूध घालायला कुणी न्हाईच. अभ्यास बी कर." मग थोड्या वेळाने, "गाईचं पुन्हा काडू नगंस." आवाज रागाचा नव्हता.

वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल की आता शेवटी म्हसोबा पावला असणार. नाही पावला. निकाल लागला, एम-थ्री राहिला, वर्ष गेलं. एक वर्ष मी सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घातलं, मधल्या वेळात गणितं सोडवली आणि पुढच्या परीक्षेत विषय काढले. दगडाला नारळ फोडला म्हणून इंटिग्रेशन सुटत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आजीलाही ते माहीत आहे. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनांतून नवसाच्या बकऱ्यांबद्दल लोकांना खडे सवाल विचारले, ते योग्यच होते. आमच्या घरात बकरं कापणं आजोबांच्या काळातच बंद झालं.

मग म्हसोबाने केलं काय? माझ्यापुरतं उत्तर असं आहे. त्याच्यापुढे मला खोटं मागता आलं नाही. तो बांधावरचा आहे, त्याने माझं जावळ पाहिलंय, गाय गोठ्यातून जाताना पाहिली आहे. अनोळखी देवापुढे माणूस हुशारी करू शकतो. घरच्या देवापुढे नाही करता येत. स्वतःला ओळखायचं म्हणजे डोळे मिटून आत बघत बसायचं असं मला वाटायचं. आता वाटतं, त्यात मी कोणत्या पाण्यावर वाढलो, कोणाच्या कष्टावर शिकतोय, आणि कशाची लाज वाटून काय लपवतोय, हेही येतं. हे जमलं नाही तर थोर असो की थॉर, आपण क्रीससच.

वायकिंग आता माझ्या एक वर्ष पुढे आहे. रूम बदलली, पण भुर्जीची गाडी तीच. लॉकेट अजून गळ्यात आहे. मागच्या सुट्टीत त्याने वडिलांना विचारून आपलं मूळ गाव शोधून काढलं आणि एकटाच जाऊन आला. तिथे आता त्यांचं घर नाही, नुसतं जोतं आहे. पण वेशीवर एक म्हातारी भेटली, तिने त्याला थांबवून विचारलं म्हणे, "कुणाचा रं तू?"

"मग? काय सांगितलंस?" मी विचारलं.

"आजोबांचं नाव सांगितलं. तिला माहीत होतं."

आणि मी? यंदा फर्स्ट इयरची नवीन बॅच आली तेव्हा ओळखीच्या वेळी कोणीतरी विचारलं, "दादा, तुमच्या गावात देव कुठला?"

मी म्हणालो, "म्हसोबा. बांधावर आहे, लिंबाखाली. पालखीला या, दाखवतो."